उपरण्याखालचा भाव

माझ्या एका टिपणामुळे कामोठ्यातल्या एका बाईचं शेत खारं झालं. हे मी आजवर कुणापुढे बोललेली नाही. बोलले असते तर लोकांनी मला समजावलं असतं, की शेत खाडीच्या पाण्यानं खारं होतं, टिपणानं नाही. अशा समजावणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग येतो. खाडीनं काय केलं ते मला ठाऊक आहे. मी काय केलं ते सांगायचं आहे.

आमची पनवेलला भाताची गिरणी होती. गावात तशा सहा गिरण्या होत्या आणि आमची त्यात सगळ्यात लहान, एका हलरची, म्हणजे भात सडायच्या एकाच यंत्राची. मोठ्या गिरणीचे शेठ तीन हलर चालवत, त्यांचा तांदूळ मुंबईला आधीच विकलेला असे आणि बाकीचे गिरणीवाले त्यांच्या तोंडाकडे बघून चालत. हंगामात आमच्या घरात भुशाची इतकी धूळ येई, की आई ताटं वाढायच्या आधी पुन्हा एकदा पुसून घेई. बाबांच्या भुवया दिवाळीपासून होळीपर्यंत पांढऱ्याच दिसत. मला गिरणीत पाऊल टाकायला मनाई होती. मुलगी म्हणून तर होतीच, पण बाबांचं खरं कारण वेगळं होतं. मी शिकावं, खूप शिकावं, आणि या धुळीत पुन्हा येऊ नये, असं त्यांना वाटायचं. त्यांनी मला मुंबईला ठेवून अर्थशास्त्र घेऊन एम.ए. केलं. नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली, बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तेव्हा रेशनिंग नुकतंच उठलं होतं आणि भाताचा बाजार मोकळा झाला होता. कामोठे, खारघर, उरणकडच्या खारजमिनींतून भाताच्या गाड्या येत. सौदा व्हायचा तो हत्त्यानं. विकणाऱ्याचा दलाल उभा राही, घेणारा गिरणीवाला त्याच्यासमोर येई, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं जाई आणि आत बोटांनी भाव सांगितला जाई. अख्खं बोट धरलं तर रुपया, पेर दाबलं तर आणा. एक झाला की दुसरा गिरणीवाला येई. तोंडानं मात्र दोघं पावसापाण्याचं, लग्नकार्याचं बोलत. कुणी किती दिला हे त्या दोघांखेरीज कुणाला कळत नसे. ज्याचं भात, तो बाजूला बैलांच्या तोंडाशी पेंढा धरून उभा. दलाल शेवटी येऊन सांगे, अमक्याला दिलं, एवढ्याला दिलं.

मला या प्रकाराची चीड होती. एका मोठ्या संस्थेत मला संशोधक म्हणून काम मिळालं होतं आणि बाजारांच्या पाहणीत पनवेल माझ्या वाट्याला आलं होतं. माझं गाव म्हणूनच आलं. मी हातात वही घेऊन बाजारात हिंडू लागले. चष्मा लावलेली, पायांत चपला आणि पाठीवर एकच वेणी असलेली मुलगी भाताच्या राशींमधून प्रश्न विचारत फिरते, याचं लोकांना हसू येई. मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नसे. मी तेव्हा नाकानं कांदे सोलत होते.

तिथेच ती कामोठ्याची बाई मला भेटली. चाळिशीची, आगरी, काष्टा घट्ट मारलेली, नवरा वारलेला. तिची खारजमीन खाडीच्या अगदी कडेला होती. खारजमीन म्हणजे बांधावर जगणारी जमीन. बांध शाबूत असला तर आत भात पिकतं, बांध फुटला तर उधाणाचं पाणी आत येतं आणि मग दोन-तीन वर्षं तिथे काडी उगवत नाही. दरसाल भात विकून आलेल्या पैशातून ती चैत्र-वैशाखात गडी लावून बांधावर चिखल चढवून घेई. तिचं सगळं गणित तेवढंच होतं.

मी तिला विचारलं, स्वतः सौदा का करत नाही? ती म्हणाली, "परक्या बाप्याच्या हातात फडक्याखाली हात देऊ काय मी?"

मला त्या एका वाक्यात सगळं टिपण मिळालं. बाईला बाजारात स्वतःचा माल विकता येत नाही, कारण भाव पुरुषांच्या बोटांमध्ये लपलेला आहे. दलाल मधल्यामध्ये काय खातो ते देवाला ठाऊक. जिथे भाव दिसत नाही तिथे स्पर्धा कशी होणार? मी आवेशानं लिहिलं. हत्ता बंद करावा. बाजारात मोठी काळी पाटी लावावी. प्रत्येक गिरणीचं नाव आणि तिचा त्या दिवसाचा भाव खडूनं लिहावा. विकणाऱ्यानं वाचावं किंवा कुणाकडून वाचून घ्यावं, आणि मन मानेल तिथे गाडी न्यावी.

बाबांना मी वाचून दाखवलं. ते जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताक मागितलं. मी खनपटीला बसले, की बोला काहीतरी. तेव्हा म्हणाले, "उपरण्याखाली काय असतं ते उपरण्याखालीच बरं असतं." मी भडकले. म्हटलं, तुमच्यासारख्या सरळ माणसाला लपवायचं काय कारण? ते हसले आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, जुन्या चालीचा माणूस, सवय सुटत नाही. मी आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते. इतरांना विचारायला माझ्याकडे छापील तक्ता होता, बाबांना विचारायला नव्हता.

नवी बाजार समिती हौशी होती. टिपण तिला आवडलं. पुढच्या हंगामाला पाटी लागली.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले. कामोठ्याची बाई आली होती. तिनं माझ्याकडून पाटी वाचून घेतली. पाच नावांपुढे एक भाव होता आणि आमच्या गिरणीपुढे मणामागे चार आणे जास्त. ती सरळ आमच्याकडे गाडी घेऊन गेली, दलालाशिवाय, डोक्यावरचा पदरसुद्धा न सावरता. संध्याकाळी घरी येऊन तिनं ओल्या वालाच्या शेंगांचं गाठोडं माझ्या पुढ्यात ठेवलं. तेव्हा मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. आजही त्या शेंगांची आठवण आली की आधी आनंदच होतो, आणि मग बाकीचं आठवतं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मोठ्या गिरणीचे शेठ आमच्याकडे आले. फार सभ्य गृहस्थ, कधी आवाज चढवत नसत. बाबांना ते भावासारखं वागवत. मी चहा घेऊन बाहेर गेले तर म्हणाले, "तुमच्या मुलीनं आमची मोठी सोय केली हो. आता कुणाला काही विचारावं लागत नाही. पाटी वाचली की कळतं."

मी खूश झाले. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात तसं. आत जाऊन आईलाही सांगितलं. दाराआडून पुढचं बोलणंही माझ्या कानावर पडत होतं. शेठ म्हणत होते, चार आणे जास्त द्यायला आम्हीही तयार आहोत. आठ देऊ. पंधरा दिवस देऊ. आम्हाला झेपेल. तुम्हाला झेपेल का, तेवढं बघा. हे ते इतक्या मायेनं बोलत होते, की मला वाटलं शेतकऱ्यांना जास्त भाव द्यायचा विचार चालला आहे. यालाच तर स्पर्धा म्हणतात, असं मी मनात म्हटलं. काय सांगू, इतकी शिकलेली होते मी.

दुसऱ्या दिवशी पाटीवर आमच्या नावापुढचे चार आणे पुसले गेले. सहाही नावांपुढे एकच आकडा. मी माझ्या वहीत लिहिलं, की एका बाजारात एकच भाव असणं हे निकोप स्पर्धेचं लक्षण आहे. पुस्तकात तसंच आहे. ते चूकही नाही.

तो हंगाम संपला. दुसऱ्या हंगामात भाव एकदम खाली आला, तोही एकाच दिवशी, सहाही नावांपुढे. तेव्हा कामोठ्याची बाई माझ्याकडे आली. बसायला पाट दिला तर बसली नाही. ती म्हणाली, की गिरणीवाले दरसाल दसऱ्याला शेठकडे चहाला जमत आणि हंगामाचा भाव ठरवत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तुमचे बाबाही तिथे मान डोलावून येत. पण उपरण्याखाली हात गेला की त्यांची बोटं वेगळंच सांगत. मणामागे चार आणे, कधी सहा. दलालाला सांगून ठेवलेलं असे, की बाहेर बोलायचं नाही. तो त्यातला आणा खाई, पण उरलेले तिला मिळत.

"फडक्याखाली आमाला दोन पैसे सुटायचे, ताई," ती म्हणाली. "आता पाटीवर सगल्यांचा डोला हाय. तुमचे बाबा तरी काय करतील?"

तिची मागणी साधी होती. गाववाल्यांनी गिरणीवाल्यांच्या संगनमताबद्दल अर्ज केला होता आणि फाल्गुनात चौकशीला अधिकारी येणार होता. मी शिकलेली, पाटी माझी. मी सांगितलं तर ऐकतील. भाव सुधारला आणि मागचा फरक मिळाला, तर या वर्षी बांधावर चिखल पडेल. गेल्या वर्षी नीट पडला नव्हता.

ती गेल्यावर मी गिरणीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा, मनाई मोडून. हलर चालू होता. बाबांना कानाशी ओरडून विचारलं, की हे खरं का? त्यांनी हलर बंद करवला. मग शांतपणे म्हणाले, खरं आहे. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस.

मला आता जे कळतं ते तेव्हा त्या भुशात उभं राहून कळायला लागलं. सहा माणसांनी मिळून भाव दाबून ठेवायचा ठरवला, तर त्यांना सर्वांत मोठी भीती कायद्याची नसते. आपल्यातलाच एखादा गुपचूप जास्त देईल, ही असते. जोवर कुणी किती दिला ते दिसत नाही, तोवर फितुरी करता येते. फितुरी होते म्हणून भाव थोडा तरी वर राहतो. आमच्या बाजारातले फितूर म्हणजे माझे बाबा. ठरलेला शब्द मोडणारा, चहा पिऊन येऊन खोटं वागणारा तो एकटा माणूस म्हणजेच आमच्या बाजारातली सगळी स्पर्धा होती. मी बाजारात दिवा लावला आणि त्या उजेडात शेठना आधी तोच दिसला. पंधरा दिवस आठ आणे जास्त देऊ, म्हणजे तोवर तुमच्याकडे एक गाडी येणार नाही, अशी ती मायेनं दिलेली धमकी होती.

चौकशी बाजार समितीच्या खोलीत झाली. अधिकारी तरुण होता, हुशार होता, मनानं शेतकऱ्यांच्या बाजूचा वाटला. त्यानं गिरणीवाल्यांना एकेक करून विचारलं. बैठक झाली का? पाटी लागल्यापासून नाही. आणि ते खरं होतं, चहाची गरजच उरली नव्हती. काही लेखी? नाही. मग भाव सारखा कसा? पाटी बघून आम्ही आमचा भाव ठरवतो. बाबांनीही तेच सांगितलं, खाली बघून. त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

मग अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही या विषयातल्या जाणकार. सहा गिरण्यांचा भाव रोज सारखा असतो. यावरून संगनमत सिद्ध होतं का?"

मी उत्तर दिलं. निव्वळ भाव सारखा आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. चोख स्पर्धा असली तरी भाव एकच होतो आणि संगनमत असलं तरी एकच होतो. बाहेरून पाटी दोन्ही वेळा सारखीच दिसते. दोन्हींत फरक करायला दुसरा पुरावा लागतो.

यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. आज कुठल्याही परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. आणि तो दुसरा पुरावा माझ्याजवळ होता. शेठ आमच्या घरी आले होते, मी चहा नेला होता, पंधरा दिवसांचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते सांगितलं असतं तर बाबा संगनमत करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले असते. आणि माझ्या टिपणानं ते संगनमत पक्कं केलं, हेही त्याच खोलीत उघड झालं असतं. बाबांसाठी गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मला माझ्या शहाणपणाची अब्रू राखायची होती. आणखी काही सांगायचं आहे का, असंही अधिकाऱ्यानं विचारलं. मी मूग गिळून बसले.

त्यानं लिहून घेतलं, की तज्ज्ञांच्या मते पुरावा पुरेसा नाही. अर्ज निकालात निघाला.

बाहेर पायरीवर ती बाई उभी होती. आमचं पुस्तकी बोलणं तिला समजलं नव्हतं. तिनं माझा हात धरला. "ताई, काय सांगितलं तुमी?"

"खरं तेच सांगितलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालेलं दिसलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी पळाले नाही, चालत घरी गेले, बाबांच्या मागून, तळ्याच्या कडेकडेनं.

वैशाखात तिनं स्वतः आणि तिच्या दोन मुलींनी मिळून बांधावर चिखल टाकला. तीन बायकांच्या हातांनी जेवढा पडतो तेवढा पडला. श्रावणातल्या उधाणानं बांध फुटला. मला बातमी मुंबईत कळली, आईच्या पत्रातून. पत्रात ती ओळ शेवटी होती, आत्याच्या दाढदुखीच्या खाली. कामोठ्याच्या त्या बाईच्या शेतात पाणी शिरलं, लावणी गेली, असं आईनं लिहिलं होतं. मी ते पत्र घेऊन ऑफिसला गेले आणि दिवसभर काम केलं. आठ दिवसांनी रजा काढून कामोठ्याला गेले तेव्हा ती घरी नव्हती. मुलींना घेऊन उरणकडे मिठागरात कामाला गेली, असं शेजारणीनं सांगितलं. मी शेतावर गेले. पाणी ओसरलं होतं आणि रोपांच्या जागी पांढरट साका बसला होता. बोट लावून जिभेवर ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही. खारटच होता, आणखी काय असणार.

दिवाळीनंतर मी घरी होते. बाजार सुरू झाला होता. बाबा सकाळी एकदा जाऊन पाटी बघून येत आणि दिवसभर गिरणीत बसत. पूर्वी राशीतून मूठभर भात उचलून, दाणा दातांखाली फोडून ते घरीही त्याचं कौतुक करत. आता सगळ्याला एकच भाव, दाणा फोडायचं कारण उरलं नव्हतं. शेतकरी त्यांना पूर्वीसारखा नमस्कार करीत, आणि तोच त्यांना सोसत नसे, असं आई म्हणाली. एक दिवस ते दुपारीच घरी आले. कामोठ्याच्या सगळ्या गाड्या येऊन गेल्या होत्या. तिची आली नव्हती, येणार नव्हतीच.

मी ओसरीवर वाचत बसले होते. बाबा समोर येऊन बसले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि म्हणाले, "हात दे."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि आत माझी बोटं धरली. माझ्या टिपणाच्या परिशिष्टात या खुणांचा तक्ता होता, मी स्वतः आखलेला, कुठलं बोट म्हणजे किती आणि कुठलं पेर म्हणजे किती. त्याची संस्थेत वाहवा झाली होती. बाबांची बोटं माझ्या बोटांवरून झरझर फिरली, एक दाब, दुसरा, मग पेरावर एक चिमटा, आणि थांबली. त्यांचा हात खरखरीत होता आणि गरम होता. लहानपणानंतर त्यांनी माझा हात असा धरला नव्हता.

मी पाटीवरचा भाव सांगितला.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा तसंच केलं, या वेळी सावकाश. मला दाब कळत होते, पण त्यातलं बोट कुठलं संपलं आणि पेर कुठलं सुरू झालं ते लागत नव्हतं. मी आणखी एक आकडा सांगितला. तोही नव्हता.

"बाबा, मला नाही येत," मी म्हणाले.

"मग तू काय बंद केलंस, ते तुला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मला येतं.

मी विचारलं, किती होता भाव? त्यांनी उपरणं उचललं, झटकलं, घडी करून खुंटीवर ठेवलं आणि हात धुवायला आत गेले. मला भुशाचा वास येत राहिला. पाटी नसती आणि तिची गाडी आली असती, तर कामोठ्याच्या बाईला त्या वर्षी बाबांनी जो भाव दिला असता, तो माझ्या हातात दोनदा येऊन गेला आणि तो किती होता हे मला आजही ठाऊक नाही.